वायर आधी, वाहिनी नंतर : मुंबईच्या उपनगरांतील केबलचा इतिहास

भारतातील खासगी दूरचित्रवाणीचा इतिहास बहुतेक ठिकाणी २ ऑक्टोबर १९९२ या तारखेपासून सांगितला जातो. त्या दिवशी झी टीव्ही सुरू झाला. तारीख अचूक आहे, पण गोष्ट तिथे सुरू होत नाही. त्या संध्याकाळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या ज्या घरांत झीचे पहिले चित्र उमटले, त्या घरांत वायर आधीच पोहोचली होती. ती कोणत्याही वाहिनीने टाकलेली नव्हती, आणि सरकारने तर नाहीच नाही. ती टाकली होती शेजारच्या गल्लीतल्या एका माणसाने. त्याच्याकडे परवाना नव्हता, कारण असा परवाना देणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. वस्तीत तो ‘केबलवाला’ एवढ्याच नावाने ओळखला जाई.

हा दीर्घ थ्रेड त्या वायरीचा आहे. ती कोणी टाकली, तिच्यावर हक्क कोणाचा, आणि तो हक्क हळूहळू कोणाच्या हाती गेला?

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. १९८२ च्या एशियाड स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आले. १ मे १९८५ रोजी मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली. म्हणजे ऐंशीचे दशक संपत आले तरी मुंबईकराच्या टीव्हीवर फार तर दोन वाहिन्या होत्या, आणि दोन्ही सरकारी.

त्या दोन वाहिन्यासुद्धा उपनगरांत सगळीकडे नीट दिसत नसत. मध्ये उंच इमारत आली की चित्रामागे त्याचीच फिकट सावली उमटे, वारा सुटला की गच्चीवरचा ॲन्टेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग घरातले एक जण गच्चीवर, दुसरे खिडकीत, आणि “आलं का?”, “थोडं डावीकडे!” असा संवाद चाले. यावर उपाय म्हणून अनेक इमारतींनी गच्चीवर एकच सामाईक ॲन्टेना उभारला आणि त्यापासून प्रत्येक घरापर्यंत कोॲक्सियल वायर नेली. म्हणजे एका गच्चीवरून अनेक घरांत एकच चित्र पोहोचवण्याची सोय केबलच्याही आधी, चक्क दूरदर्शन पाहण्यासाठी तयार झाली होती.

येथे उपनगरांची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण केबलचे अर्थकारण विटा-सिमेंटात दडलेले आहे. अंधेरीचे लोखंडवाला संकुल याच काळात वाढत होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या बॉम्बे अर्बन डेव्हलपमेंट प्रकल्पातून चारकोप आणि गोराईच्या वसाहती आकार घेत होत्या. घाटकोपरला पंतनगरची जुनी वसाहत होती, मुलुंडला तीन-चार मजली इमारतींच्या रांगाच्या रांगा होत्या. यांतील बहुसंख्य इमारती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील गृहनिर्माण संस्था होत्या. गच्ची कोणा एकाची नाही, सोसायटीची. सेक्रेटरी ‘हो’ म्हणाला की एका निर्णयात वीस-पंचवीस घरे खुली होत. शेजारच्या इमारतीची गच्ची इतकी जवळ की वायर अक्षरशः फेकून पलीकडे नेता येई. बैठ्या बंगल्यांच्या विरळ वस्तीत हा धंदा रुजला नसता. दाटीवाटीच्या, मध्यमवर्गीय, सहकारी उपनगरात तो तणासारखा वाढला.

पहिल्या टप्प्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीत किंवा जिन्याखाली एक व्हीसीआर बसवला जाई. त्याचे चित्र टीव्हीच्या एखाद्या रिकाम्या क्रमांकावर सोडले जाई, आणि वायरीने जोडलेल्या सर्व घरांत एकच चित्रपट एकाच वेळी दिसे. ज्या कुटुंबाला व्हीसीआर विकत घेणे परवडत नव्हते, त्याला महिन्याच्या वर्गणीत रोज चित्रपट मिळू लागला. दूरदर्शनवरच्या रविवारच्या चित्रपटासाठी आठवडाभर थांबणाऱ्या पिढीला हे काय वाटले असेल, याची कल्पना आजच्या वाचकाने करून पाहावी.

यातून एक विलक्षण कायदेशीर प्रश्न उभा राहिला, आणि तो मुंबईतच उभा राहिला. भाड्याच्या कॅसेटवरचा चित्रपट घरी पाहण्यास मुभा होती, सार्वजनिक खेळास नव्हती. मग केबलवरून दोनशे घरांत एकाच वेळी दिसणारा चित्रपट खासगी की सार्वजनिक? प्रत्येक प्रेक्षक तर आपापल्या दिवाणखान्यात, दार लावून बसलेला! चित्रपटांच्या हक्कांच्या व्यवसायात असलेल्या गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिएस्टर या कंपनीने टेलिलिंक व इतर केबलचालकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. न्यायमूर्ती होत्या सुजाता मनोहर, त्या न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीश आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याही न्यायमूर्ती.

१९८९ च्या त्यांच्या निकालाचा गाभा असा : प्रेक्षक कोठे बसला आहे यावर काही ठरत नाही. त्याचे केबलचालकाशी नाते काय, हे पाहायचे. वर्गणी भरणारी शेकडो घरे केबलचालकाचे कुटुंब नव्हेत किंवा पाहुणेही नव्हेत. ती जनता आहे. म्हणून हे दाखवणे म्हणजे जनतेपर्यंत कृती पोहोचवणे, आणि हक्कधारकाच्या परवानगीविना ते करता येणार नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या निकालाकडे स्वामित्वहक्काच्या पलीकडे जाऊन पाहायला हवे. दार लावून घरात बसलेली, एकमेकांना न दिसणारी माणसे एका वायरीमुळे ‘प्रेक्षकवर्ग’ होतात, हे येथे एका भारतीय न्यायालयाने मान्य केले. खासगी वाहिनी देशात जन्मण्यापूर्वी तिचा प्रेक्षक कायद्याच्या भाषेत जन्मला होता.

आता उपग्रह. या कथेतील सर्वांत नवलाचा प्रवास त्याचाच आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानातून वेस्टार-६ नावाचा दळणवळण उपग्रह सोडण्यात आला. इंजिन बिघडले आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातील अंतराळवीरांनी तो अक्षरशः हाताने पकडून पृथ्वीवर परत आणला. त्याची डागडुजी झाली, हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीने तो विकत घेतला, आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या शिचांग तळावरून लाँग मार्च अग्निबाणाने तो पुन्हा आकाशात गेला. आता त्याचे नाव होते एशियासॅट-१. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. योगायोग एवढाच, पण लक्षात ठेवायला सोपा!

या उपग्रहाचा प्रकाशझोत चीनपासून पश्चिम आशियापर्यंत पडत होता आणि भारत त्यात आपसूक सापडला होता. हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या हचिसन समूहाने १९९१ मध्ये त्यावरून स्टार टीव्ही सुरू केला. स्टार प्लस, प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही, बीबीसीची जागतिक सेवा आणि एक चिनी वाहिनी अशा पाच वाहिन्या. त्यांचा अपेक्षित ग्राहक होता आशियातील इंग्रजी जाणणारा अतिश्रीमंत, स्वतःची डिश परवडणारा माणूस. प्रक्षेपण कुलूपबंद नव्हते. ज्याच्याकडे डिश त्याला ते फुकट. बोरिवलीतला केबलवाला एक डिश घेईल आणि त्यावर दोन-तीनशे घरे पोसेल, हे हाँगकाँगच्या व्यवसाय आराखड्यात कोठेही नव्हते.

निमित्त आधीच घडून गेले होते. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटले आणि सीएनएनने बगदादवरील बॉम्बवर्षाव थेट दाखवला. भारतात तो प्रथम पंचतारांकित हॉटेलांच्या डिशवर दिसला. युद्ध घडत असताना पाहता येते, ही गोष्ट कानोकानी पसरली. त्यानंतर वर्षभरात उपनगरांतील गच्च्यांवर मोठाल्या जाळीदार तबकड्या उगवू लागल्या. मुंबईहून एशियासॅट-१ आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण अर्ध्या आकाशावर होता. त्या काळच्या छायाचित्रांत उपनगरातील डिश एकाच दिशेला तोंड करून, सूर्यफुलांसारख्या उभ्या दिसतात त्याचे कारण हेच.

व्हीसीआरची खोली आता ‘कंट्रोल रूम’ झाली. डिशवरचा प्रत्येक संकेत वेगळ्या उपकरणाने उतरवायचा, त्याला टीव्हीवरचा एक क्रमांक द्यायचा, सगळे एकत्र करून एका वायरीत सोडायचे. वायरीत संकेत क्षीण होतो, आणि वारंवारता जितकी वरची तितका अधिक क्षीण होतो. म्हणून ठराविक अंतरावर ॲम्प्लिफायर, प्रत्येक जिन्यात स्प्लिटर. ॲम्प्लिफायरला वीज हवी, ती जिन्याच्या दिव्यातून घेतली जाई. त्या विजेच्या बदल्यात सेक्रेटरीच्या घरी कनेक्शन मोफत, हा अलिखित करार उपनगरांत सर्वांना ठाऊक होता. वायर झाडावरून, दिव्याच्या खांबावरून, नाल्यावरून जाई. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरे आणि नेमकी सामन्याच्या वेळी केबल जाई. मग केबलवाल्याचा पोरगा शिडी घेऊन येई. ग्राहक तक्रार केंद्र म्हणजे तोच.

हिशेब एका वहीत. इमारतीचे नाव, मजला, खोली क्रमांक, महिन्यापुढे बरोबरची खूण. ही वही पुढे या कथेत फार महत्त्वाची ठरणार आहे.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. दूरदर्शनने न दाखवलेली दृश्ये बीबीसीने दाखवली आणि ती केबलच्या घरांत पाहिली गेली. त्यानंतर मुंबईत दंगली उसळल्या. सरकारी वृत्तनिवेदन आणि पडद्यावर दिसणारे चित्र यांतील अंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर सामान्य घरांत प्रथमच उघड झाले. दंगलीला ती दृश्ये कितपत कारणीभूत, हा वेगळा आणि नाजूक प्रश्न आहे. परंतु बातमीवरची राज्याची मक्तेदारी मोडली ती मध्यमवर्गीय गच्चीवरून, हे नाकारता येत नाही.

आता झी. सुभाष चंद्र यांचे नाव उपनगरवासीयांना वाहिनीच्या आधी एका मनोरंजन उद्यानामुळे ठाऊक होते. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीपलीकडे गोराईला त्यांनी १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड उघडले होते. हिंदी वाहिनीसाठी त्यांनी एशियासॅट-१ वरील जागा वर्षाला ५० लाख डॉलर भाड्याने घेतली. खासगी कंपनीला भारतातून उपग्रहाकडे संकेत पाठवण्यास तेव्हा परवानगी नव्हती. म्हणून मुंबईत चित्रित झालेल्या कार्यक्रमांच्या टेप विमानाने हाँगकाँगला जात, तेथून आकाशात, आणि आकाशातून पुन्हा मुंबईच्या गच्चीवर. अंधेरीत तयार झालेला कार्यक्रम अंधेरीतच पाहण्यासाठी परदेशवारी करून येत होता.

झीला देशभर प्रेक्षक मिळाला तो या तयार वायरींमुळे. वायर टाकण्याचा एक रुपयाही त्याला खर्च करावा लागला नाही. दुसरीकडे केबलवाल्यालाही झीला काही द्यावे लागत नव्हते. काही काळ दोघांचे उत्तम जमले.

एक गोष्ट मात्र राष्ट्रीय इतिहासात हमखास हरवते. वायरीत काय सोडायचे हे केबलवाला वस्ती पाहून ठरवत असे. १९९३ मध्ये तमिळ सन टीव्ही आणि मल्याळम एशियानेट सुरू झाल्या, तेव्हा मुलुंडसारख्या दाक्षिणात्य वस्तीच्या भागात त्यांना मागणी होती. घाटकोपरला गुजराती चित्रपट आणि नाटके केबलवाल्याच्या स्वतःच्या व्हिडिओ चॅनेलवर लागत. त्याच चॅनेलवर खालच्या पट्टीत कोचिंग क्लासच्या जाहिराती सरकत, आणि गणेशोत्सवात जवळच्या मंडळाची आरती दिसे. राष्ट्रीय वाहिन्यांच्या शेजारी, त्याच रिमोटवर, एका प्रभागापुरती वाहिनी! तिचे ध्वनिचित्रमुद्रण जवळजवळ काहीच उरलेले नाही, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने ही खरी हानी आहे.

राज्याला हे सारे खुपत होते, पण पकडायचे कोणाला? हातात होता १८८५ चा तार कायदा, ज्यानुसार तारायंत्रावर सरकारचा एकाधिकार. राजस्थान उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये केबलचालकांना याच कायद्याखालील परवाना आवश्यक ठरवला. अखेर २९ सप्टेंबर १९९४ रोजी वटहुकूम निघाला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) अधिनियम झाला. त्याच्या उद्देशपत्रिकेत केबलजाळ्यांच्या बेशिस्त वाढीचा आणि अनेकांना जाणवणाऱ्या सांस्कृतिक आक्रमणाचा उल्लेख आहे. तरतुदी मात्र बऱ्याचशा साध्या होत्या. प्रत्येक केबलचालकाने नोंदणी करायची. कोठे? आपल्या भागातील मुख्य टपाल कार्यालयात. परदेशी उपग्रहांचा सामना करणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी पोस्टमास्तरांकडे आली. शिवाय दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवणे बंधनकारक, कंपनी असल्यास ५१ टक्के भागभांडवल भारतीयांचे, आणि नियम मोडल्यास उपकरणे जप्त.

शेवटची तरतूद सर्वांत महत्त्वाची. हाँगकाँगहून होणारे प्रक्षेपण थांबवणे सरकारच्या हातात नव्हते. जिन्याखालचा ॲम्प्लिफायर उचलून नेणे हातात होते. आकाशातल्या चुकीची शिक्षा वायरीला, हे सूत्र त्या दिवशी ठरले आणि पुढे पुनःपुन्हा वापरले गेले.

दरम्यान एका क्रिकेट स्पर्धेने मोठाच प्रश्न न्यायालयात नेला. नोव्हेंबर १९९३ च्या हिरो कपचे प्रक्षेपणहक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन संतापले, आणि कंपनीची आयात केलेली यंत्रसामग्री सीमाशुल्क विभागाने मुंबईत अडवून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत व सहकाऱ्यांनी सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि ती मोकाट भांडवलाच्या स्वाधीनही करता येत नाही. तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने करावे. निकाल लहरींविषयी होता. वायरीचा मालक कोण, याविषयी तो काही बोलत नव्हता, आणि नेमकी तेथेच खरी लढाई सुरू झाली होती.

जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा ५२.५ कोटी डॉलरना घेतला होता. आता वाहिन्यांना प्रेक्षकांकडून पैसे हवे होते, आणि पैसे वायरीच्या टोकाला जमत होते. १९९४ मध्ये झी आणि स्टार यांच्या भागीदारीतून सिटी केबल उभी राहिली, त्यानंतर हिंदुजा समूहाची इन केबलनेट, आणि सांताक्रूझ येथे मुख्यालय असलेली, रहेजांची हॅथवे. पद्धत सोपी होती. मोठी कंपनी एक मोठी कंट्रोल रूम उभारी आणि वस्तीतल्या केबलवाल्याला म्हणे, तुझी डिश काढ, आमचा तयार संकेत घे. तो नकार देऊ शकत होता. पण पैसे देऊन पाहण्याच्या वाहिन्या वाढू लागल्या, प्रत्येकीसाठी वेगळा डिकोडर आला, आणि दोनशे-तीनशे घरांवर तो खर्च झेपेना. नव्वदचे दशक संपता संपता उपनगरांतील अनेक स्वतंत्र कंट्रोल रूम बंद होऊन केबलवाला मोठ्या कंपनीचा ‘लिंक’ घेणारा झाला. वायर आणि वही मात्र अजून त्याचीच होती.

मराठीचे काय? दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी डीडी-१० १९९४ मध्ये आली. तिलाच पुढे सह्याद्री हे नाव मिळाले. खासगी क्षेत्रात अल्फा टीव्ही मराठी १५ ऑगस्ट १९९९ रोजी, ईटीव्ही मराठी ९ जुलै २००० रोजी. म्हणजे महाराष्ट्राच्या राजधानीतल्या वायरीतून तमिळ आणि मल्याळम खासगी वाहिन्या १९९३ पासून वाहू शकत होत्या, आणि पहिली मोठी खासगी मराठी वाहिनी त्यानंतर सहा वर्षांनी आली. मराठी प्रेक्षक हिंदी पाहतोच, मग त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला, हा हिशेब त्यामागे असावा. आल्यानंतरही जागेचा प्रश्न होताच. जुन्या टीव्हीसंचांना वरच्या वारंवारतेचे क्रमांक पकडता येत नसत, आणि वायरीच्या शेवटच्या घरात तर तेथे मुंग्याच. खालच्या, स्वच्छ दिसणाऱ्या जागांना ‘प्राइम बँड’ म्हणत. तेथे बसण्यासाठी वाहिन्या केबल कंपन्यांना पैसे मोजू लागल्या. २००० च्या दुरुस्तीत दूरदर्शनच्या वाहिन्या प्राइम बँडमध्येच दाखवाव्यात, असे कायद्यात लिहावे लागले, इतके त्या जागेला मोल होते.

३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले. आदल्याच वर्षी झीने स्टारचा संयुक्त व्यवसायांतील हिस्सा विकत घेतल्याने स्टार हिंदीत मोकळा झाला होता. कार्यक्रमाचे चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत होत होते. बालाजी टेलिफिल्म्सचे कार्यालय अंधेरीला होते. देशाचे मनोरंजन आता उपनगरांत घडत होते, आणि त्याच उपनगरांत ते नेमके किती घरांत पाहिले जाते, हे कोणालाही सांगता येत नव्हते.

कारण वही! वाहिन्या जोडणीमागे पैसे मागत. केबलवाला जोडण्यांचा आकडा कमी सांगे. वाहिनी तो ओळखून दर वाढवे, केबलवाला आकडा आणखी घटवे. राज्याचा करमणूक कर जोडणीमागेच होता, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयालाही तोच खोटा आकडा मिळे. याला केवळ लबाडी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु वायर, शिडी, दुरुस्ती, वसुली, बुडीत वर्गणी हे सारे ज्याच्या अंगावर होते, त्याला मिळकतीचा कायदेशीर वाटा किती, हे तोवर कोणीच ठरवलेले नव्हते. त्याने तो आपल्या वहीत स्वतःच ठरवून घेतला.

सरकारने २००२ मध्ये कायदादुरुस्ती करून सेट-टॉप बॉक्सचा मार्ग काढला. हव्या त्या वाहिन्या निवडा, तेवढ्याचेच पैसे द्या. २००३ मध्ये योजना मुंबईत अडखळली. जानेवारी २००४ मध्ये ट्रायने दर आहे तेथेच गोठवले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर, २००६ संपताना, ती दिल्ली, कोलकाता आणि मुंबईच्या काही भागांत लागू झाली. मुंबईचा भाग म्हणजे दक्षिण मुंबई. तेथे सशुल्क वाहिनीला महिना पाच रुपये आणि मोफत वाहिन्यांच्या गठ्ठ्याला ७७ रुपये अशी मर्यादा. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांतून वगळलेले. ज्या उपनगरांनी केबल वाढवली, त्यांना पुढची सहा वर्षे केबलवाला सांगेल तो गठ्ठा आणि तो सांगेल तो दर.

त्याच सुमारास ‘आकाशातल्या चुकीची शिक्षा वायरीला’ हे सूत्र पुन्हा दिसले. प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने केवळ प्रौढांसाठीचे चित्रपट केबलवर दाखवण्यास मनाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी कारवाई केली ती केबलच्या यंत्रणेवर. धास्तावलेल्या केबलचालकांनी मुंबईत चित्रपट वाहिन्याच बंद केल्या, आणि काही दिवस लाखो घरांचे पडदे त्या क्रमांकांवर काळे राहिले.

वहीचा शेवट ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री झाला. ॲनालॉग केबल मुंबईत बंद करण्यात आली, उपनगरांसह. प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स, प्रत्येक बॉक्सला क्रमांक, आणि सर्व क्रमांकांची यादी मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर. चित्र काचेसारखे स्वच्छ झाले, वाहिन्या शेकड्यांनी आल्या, लपवलेले आकडे उघडे पडले. प्रेक्षकाच्या बाजूने पाहता हा निःसंशय लाभ होता. केबलवाल्याच्या बाजूने पाहता त्याने पंचवीस वर्षे जोडलेली घरे एका रात्रीत दुसऱ्याच्या नोंदवहीत गेली. ट्रायने वाटाही ठरवून दिला. परस्पर करार नसेल तर मोफत वाहिन्यांच्या मूळ गठ्ठ्यातील ४५ टक्के आणि सशुल्क वाहिन्यांतील ३५ टक्के त्याचे. ज्याच्या हातात पूर्वी सगळी रोकड येई, तो आता टक्केवारीचा धनी झाला. ‘ग्राहक कोणाचा?’ या एका प्रश्नावर त्या वर्षांत मुंबईत मोर्चे निघाले, न्यायालयांत दावे पडले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुसंख्य हिस्सा घेण्याची घोषणा केली. त्या वेळी विश्लेषकांनी वाहिन्यांविषयी फारसे लिहिले नाही. चर्चा होती ती घराच्या उंबरठ्यापर्यंत आधीच गेलेल्या वायरीची आणि ती टिकवणाऱ्या हजारो स्थानिक चालकांची, कारण ब्रॉडबँड त्याच वाटेने न्यायचे होते. सप्टेंबर १९९४ पर्यंत जिला कायद्यात नावही नव्हते, तिच्यासाठी आता हजारो कोटी मोजले जात होते. मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या इमारतींत फायबर जिन्याच्या त्याच कोपऱ्यातून वर चढली. बहुतेक ठिकाणी ती चढवणारा माणूसही तोच होता, आणि काही गच्च्यांवर गंजलेल्या जाळीच्या तबकड्या अजून आग्नेयेकडे तोंड करून आहेत.